मॉडेल संगणकात, मोजमाप वहीत

बांधकामातील डिजिटल तंत्रज्ञानाबद्दल विद्यापीठे एक भाषा बोलतात आणि बांधकाम उद्योग दुसरी. ही दरी केवळ चर्चासत्रांनी आणि सामंजस्य करारांनी बुजणारी नाही. ती बुजवण्याची वाट सार्वजनिक कामांच्या निविदेतून जाते.

‘डिजिटल बांधकाम’ म्हणजे काय, हा प्रश्न एखाद्या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेत विचारला, तर उत्तरात ‘बिम’ म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, वास्तूची डिजिटल प्रतिकृती, कृत्रिम बुद्धिमत्ता, त्रिमितीय छपाई हे शब्द ऐकू येतात. हाच प्रश्न महामार्गाच्या किंवा गृहप्रकल्पाच्या साइटवरील कार्यालयात विचारला, तर व्हॉट्सअॅपवर येणारे सुधारित नकाशे, चेहरा ओळखून हजेरी घेणारे यंत्र, महिन्यातून एकदा होणारे ड्रोनचे चित्रीकरण आणि मुख्यालयासाठी रोज भरायचा प्रगती-तक्ता यांची यादी मिळते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत. पण ती एकमेकांना भेटत नाहीत. काही वर्षे साइटवर अभियंता म्हणून आणि नंतरची वर्षे बांधकाम व्यवस्थापनाचा अध्यापक म्हणून घालवल्यामुळे ही दोन्ही उत्तरे मी सारख्याच आत्मविश्वासाने दिली जाताना ऐकली आहेत.

हा केवळ शब्दांचा घोळ असता, तर त्यावर वर्तमानपत्राची जागा खर्चण्याचे कारण नव्हते. देशातील सुमारे 12 टक्के रोजगार बांधकाम क्षेत्रात आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पातील भांडवली खर्चाचा मोठा हिस्सा रस्ते आणि रेल्वे यांच्या कामांवर होतो. दीडशे कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांचा आढावा सांख्यिकी मंत्रालय घेते. 2023 मधील या आढाव्यांनुसार अशा प्रकल्पांचा एकत्रित वाढीव खर्च चार लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हा सारा भार संगणकाने हलका होईल, असा दावा कोणीही करू नये. भूसंपादन, वन आणि पर्यावरणाच्या परवानग्या, निधीची चणचण ही विलंबाची कारणे कोणत्याही संगणकप्रणालीच्या आवाक्याबाहेरची आहेत. परंतु नकाशांतील विसंगती, अपुरे भू-सर्वेक्षण, पुन्हा करावे लागणारे काम आणि वर्षानुवर्षे चालणारे लवाद यांचे मूळ अपुऱ्या आणि विस्कळीत माहितीत असते. तेथे हे तंत्रज्ञान उपयोगी पडू शकते. म्हणूनच ते नीट समजून घेतले गेले की नाही, हा सार्वजनिक पैशाचा प्रश्न ठरतो.

कल्पना विद्यापीठाची, रेटा सरकारचा

पारंपरिक नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. बिमच्या मॉडेलमध्ये मात्र भिंत ही भिंत असते. तिची जाडी, तिचे साहित्य, तिचा दर, ती कोणत्या आठवड्यात उभी राहणार आणि तिच्यातून कोणती नळी जाणार, हे सारे तिच्याशी जोडलेले असते. त्यामुळे वातानुकूलनाची वाहिनी तुळईला छेदून जाते आहे, हे काँक्रीट ओतण्याच्या आधीच पडद्यावर दिसते. एरवी ते कळते तेव्हा ड्रिल मशीन लावून तयार तुळई फोडण्याची वेळ आलेली असते.

ही कल्पना विद्यापीठात जन्मली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 मध्ये, वास्तूच्या आरेखनासाठी रेखाचित्रांऐवजी संगणकातील वर्णनाचा वापर कसा करता येईल, याची मांडणी केली. तरीही पुढली काही दशके उद्योग कागदावरच राहिला. चित्र बदलले ते सर्वांत मोठ्या ग्राहकाने, म्हणजे सरकारने, मागणी केल्यावर. ब्रिटनने 2011 च्या बांधकाम धोरणात, 2016 पर्यंत केंद्रीय खात्यांच्या सर्व कामांत बिमची ठरावीक पातळी गाठण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तयारीसाठी पाच वर्षे दिली. या काळात माहिती कोणी, केव्हा, कोणत्या स्वरूपात आणि कोणाच्या हवाली करायची याची मानके तयार झाली. त्यांच्याच पायावर 2018 मध्ये ‘आयएसओ 19650’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. 2017 मध्ये केंब्रिज विद्यापीठात सरकारच्या भागीदारीने एक केंद्र पाच वर्षांसाठी उभे राहिले. सिंगापूरनेही 2013 पासून मोठ्या इमारतींच्या परवानगीसाठी मॉडेल सादर करणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले.

या अनुभवांतून आपण घ्यायचा बोध असा, की विद्यापीठाचे ज्ञान आपोआप उद्योगात झिरपत नाही. ते विकत घेणारा, त्यासाठी मुदत देणारा आणि त्याची मानके ठरवणारा एक जाणता मालक मध्ये उभा असावा लागतो.

जेथे सांधा जुळला

भारतात असे मालक नाहीत असे नाही. नागपूर मेट्रोने ‘पंचमिती बिम’ वापरले. इमारतीच्या तीन मितींना वेळ आणि खर्च या दोन मिती जोडून कामाचे नियोजन करण्याचा हा देशातील मेट्रो प्रकल्पांमधला आरंभीचा प्रयोग. दिल्ली-मेरठ प्रादेशिक जलदगती रेल्वेच्या महामंडळाने सर्व सल्लागार आणि कंत्राटदार यांच्यासाठी माहितीचे एकच सामायिक भांडार ठेवले आणि प्रगतीवर नजर ठेवणारी स्वतःची प्रणाली विकसित केली. या मार्गाचा पहिला 17 किलोमीटरचा टप्पा ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला. दोन्ही ठिकाणी आग्रह मालकाचा होता. कंत्राटदाराच्या मर्जीवर काही सोडले गेले नव्हते.

विद्यापीठ आणि उद्योग थेट एकत्र आल्याचे उदाहरण बेंगळूरुच्या केंब्रिज लेआउटमध्ये उभे आहे. तेथील 1,021 चौरस फुटांचे टपाल कार्यालय त्रिमितीय छपाईच्या तंत्राने 43 दिवसांत बांधले गेले आणि ऑगस्ट 2023 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. बांधकाम लार्सन अँड टुब्रोचे, तांत्रिक मार्गदर्शन आयआयटी मद्रासचे आणि मालक टपाल खाते. यंत्रातून थरावर थर चढवत जाणारे काँक्रीट किती वेळात आवळायला हवे, हा प्रश्न प्रयोगशाळेचा. ते बेंगळूरुच्या हवेत रोज तसेच वागेल का, हा प्रश्न साइटचा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच छताखाली शोधावी लागली, हे त्या छोट्या इमारतीचे मोल आहे.

याहून बोलके उदाहरण चिनाब पुलाचे. नदीच्या पात्रापासून 359 मीटर उंचीवरचा, 467 मीटर लांबीची कमान असलेला हा रेल्वे पूल जून 2025 मध्ये खुला झाला. त्याच्या पोलादी भागांचे बारीकसारीक तपशील ‘टेक्ला’ या प्रणालीत तयार झाले. पण ज्या खडकावर ते पोलाद उभे राहायचे होते, तो खडक कोणत्याही मॉडेलमध्ये आधीपासून पूर्णपणे सामावलेला नव्हता. खोदकाम पुढे सरकले तसे भेगा, पोकळ्या आणि दगडाचे बदलते गुणधर्म समोर येत गेले. भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापक जी. माधवी लता या प्रकल्पाशी भू-तांत्रिक सल्लागार म्हणून सुमारे 17 वर्षे जोडलेल्या होत्या. जसजसे काम पुढे जाईल तसतसे आरेखन बदलत नेण्याची पद्धत तेथे कशी राबवली गेली, याचा लेखाजोखा त्यांनी पुढे शोधनिबंधात मांडला. एका अध्यापकाची 17 वर्षे एका प्रकल्पाला मिळतात आणि त्यातून आलेले शहाणपण पुन्हा अभ्यासकांकडे परतते, याहून वेगळी सांगड कोणती असणार? दुर्दैवाने आपल्या व्यवस्थेत ही सांगड अपवादानेच पडते.

दोन नोंदी, एक बिल

नेहमीचे चित्र कसे असते? निविदेत एक अट असते, ‘कंत्राटदाराने बिम मॉडेल सादर करावे.’ त्यासाठी वेगळी बाब नसते, दर नसतो, कोणत्या टप्प्यावर किती तपशील हवा हे लिहिलेले नसते. काम सर्वांत कमी दराच्या बोलीला जाते. कंत्राटदार हे मॉडेल बाहेरच्या एखाद्या संस्थेकडून करून घेतो. ती संस्था आधीच मंजूर झालेल्या नकाशांवरून मॉडेल तयार करते. म्हणजे ज्या चुका मॉडेलने पकडायच्या, त्या मंजूर होऊन गेल्यावर मॉडेल जन्माला येते. सादरीकरण होते, अट पूर्ण झाल्याची खूण केली जाते आणि साइटवर सळया बांधणाऱ्याच्या हातात पूर्वीसारखाच छापील नकाशा पडतो.

पैसा मात्र दुसऱ्याच नोंदीवर फिरतो. सार्वजनिक कामाचे बिल निघते ते मोजमाप पुस्तिकेवरून. कनिष्ठ अभियंत्याने प्रत्यक्ष मापे घेऊन केलेल्या त्या नोंदीला कायद्याचे वजन आहे. अर्थ मंत्रालयाच्या 29 ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनी इलेक्ट्रॉनिक मोजमाप पुस्तिकेला चालना दिली आणि काही खात्यांत ती आलीही. पण पुष्कळदा वहीतली पाने पडद्यावर येतात, इतकाच बदल होतो. मॉडेलमधील काँक्रीटचे घनमीटर आणि पुस्तिकेतील घनमीटर यांचा परस्परांशी संबंध राहत नाही. ज्या नोंदीवर पैसे मिळत नाहीत, ती नोंद कोणीही जिवापाड सांभाळत नाही. तंत्रज्ञान स्वीकारण्याबाबत उद्योगाच्या ‘मानसिकते’वर व्याख्याने देणाऱ्या आम्हा अध्यापकांनी हा साधा हिशेब आधी समजून घ्यायला हवा.

उद्योग माहिती दडवतो, अशी संशोधकांची तक्रार असते. ती खरीच आहे, पण तिच्यामागचे कारण क्वचितच मांडले जाते. मोठ्या कामात विलंब झाला, की तो कोणामुळे झाला यावर वाद होतो आणि प्रकरण लवादापुढे जाते. अशा वेळी साइटवरची प्रत्येक नोंद हा पुरावा असतो. नकाशा कोणत्या तारखेला मिळाला, काँक्रीटचा ट्रक किती तास थांबला, मजूर किती होते, या तपशिलांवर कोट्यवधींचे दावे उभे राहतात आणि कोसळतातही. जी माहिती उद्या आपल्याच विरोधात वापरली जाऊ शकते, ती आज विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी कोण देईल? एका प्रकल्पावर माझ्या विद्यार्थ्यांना चार महिने काम पाहू दिले गेले. निरीक्षणांचा तक्ता मागताच मात्र दार बंद झाले. तेथील व्यवस्थापकाचा नकार कंत्राटाच्या चौकटीत पाहिला, तर पुरेसा तर्कसंगत होता.

या बंद दारामुळे विद्यापीठातील संशोधनही पांगळे होते. प्रत्यक्ष आकडेवारी मिळत नाही म्हणून प्रश्नावल्या पाठवल्या जातात. ‘बिमच्या वापरातील अडथळे कोणते?’ याला शंभर-दोनशे अभियंत्यांकडून उत्तरे घ्यायची, त्यांची क्रमवारी लावायची आणि निबंध प्रसिद्ध करायचा. पदोन्नतीच्या गुणांकनात तो मोजला जातो. अडथळ्यांची यादी मात्र वर्षानुवर्षे तीच राहते: खर्च, प्रशिक्षणाचा अभाव, वरिष्ठांची उदासीनता. अभ्यासक्रमातही हीच उथळता उतरते. विद्यार्थी एखाद्या प्रणालीतील कळा दाबायला शिकतो. ती प्रणाली तीन वर्षांत बदलते. पण माहिती कोणाकडून कोणाकडे जाते, तिची जबाबदारी कोणाची, बदल झाल्यास कोणाची मंजुरी लागते, हे शिकवणारा तास वेळापत्रकात नसतो. असा पदवीधर साइटवर गेल्यावर त्याला संगणकाच्या खोलीत बसवले जाते आणि काम त्याच्या खिडकीबाहेर, त्याच्याविना चालू राहते.

मुकादमाचे ज्ञान

या साऱ्या चर्चेत तिसरा पक्ष गैरहजर असतो, तो म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा. सिलक्यारा बोगद्याची घटना यासाठी आठवावी. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तराखंडातील या बोगद्यात 41 कामगार 17 दिवस अडकून पडले. ढिगाऱ्यात आडवे छिद्र पाडणारे शक्तिशाली ऑगर यंत्र आतल्या लोखंडात अडकून मोडले. अखेरचे काही मीटर हाताने खोदून वाट काढली ती ‘रॅट होल’ पद्धतीच्या खोदकामाची सवय असलेल्या मजुरांनी. यंत्र निरुपयोगी होते असा याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. बहुतांश अंतर त्याच यंत्राने कापले होते. पण ढिगारा कसा बसतो, कोठे हात घालावा आणि कोठे घालू नये, हे ज्ञान कोणत्याही संगणकात नोंदलेले नव्हते. ते त्या माणसांच्या हातांत होते.

आपल्या साइटवर मुकादम, शटरिंगचे मिस्त्री आणि सळईकाम करणारे यांच्याकडे असे ज्ञान भरपूर आहे. डिजिटल तंत्रज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचते ते बहुधा हजेरीच्या आणि पाळतीच्या रूपाने. चेहरा टिपला जातो, पण ‘ही सळई येथे बसणार नाही’ हे त्याने सांगितलेले कोठेही टिपले जात नाही. लीन बांधकाम पद्धतीत पुढील आठवड्याचे नियोजन काम करणाऱ्या गटप्रमुखांच्या शब्दावर आधारलेले असते. कोणते काम खरोखर होऊ शकेल, हे त्यांनी सांगायचे आणि न झाल्यास कारण नोंदवायचे. या विषयावरील आंतरराष्ट्रीय परिषद 2018 मध्ये चेन्नईत भरली होती. ती पद्धत मॉडेलशी जोडली आणि बंगाली, ओडिया, भोजपुरी बोलणाऱ्या गटप्रमुखाला आपल्या भाषेत, आवाजाने नोंद करता आली, तर तंत्रज्ञान खऱ्या अर्थाने साइटवर उतरेल. भाषातंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आपल्या संस्थांसाठी हा प्रश्न अगदी दाराशी आलेला आहे.

काय करता येईल

पहिली गोष्ट, माहितीला निविदेत स्वतंत्र बाब आणि स्वतंत्र दर द्यावा. खोदकाम आणि काँक्रीट यांप्रमाणेच ‘मॉडेल व त्याचे अद्ययावतीकरण’ ही मोजता येणारी, टप्प्याटप्प्याने पैसे मिळणारी बाब असावी. 2021 च्या त्याच सूचनांनी, ‘गुणवत्ताप्रधान’ ठरवलेल्या कामांत बिगर-आर्थिक निकषांना 30 टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली आहे. तिचा उपयोग माहिती व्यवस्थापनाच्या क्षमतेसाठी करता येईल. मोठ्या कामांत बिलाचे मोजमाप मॉडेलवरून घेण्याचा प्रयोगही एखाद्या केंद्रीय खात्याने, लेखापरीक्षकांना सुरुवातीपासून सोबत घेऊन, करून पाहावा.

दुसरी, काम पूर्ण होऊन दावे निकाली निघाल्यावर सार्वजनिक प्रकल्पाची माहिती नावे गाळून संशोधनासाठी खुली करावी. हा पैसा जनतेचा आहे, तेव्हा त्यातून मिळालेला धडाही तिचाच. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने असे भांडार उभारण्यास निधी दिला, तर प्रश्नावल्यांवर जगणाऱ्या संशोधनाला ठोस पाया मिळेल.

तिसरी, माणसांची ये-जा दोन्ही दिशांनी व्हावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली. किमान 15 वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला पीएचडीविना अध्यापनाची वाट त्यामुळे मोकळी झाली. उलट दिशेची वाट मात्र अजून अरुंद आहे. अध्यापकाने एखाद्या प्रकल्पावर घालवलेले वर्ष पदोन्नतीत शोधनिबंधाइतके मोजले जाईल, तेव्हाच चिनाबसारखी उदाहरणे वाढतील.

चौथी, प्रयोगाचे उद्घाटन झाल्यावरही मोजमाप चालू राहावे. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनऊ येथील सहा ‘लाइटहाऊस’ गृहप्रकल्पांची पायाभरणी 1 जानेवारी 2021 रोजी झाली. प्रत्येक ठिकाणी वेगळे तंत्र वापरले गेले आणि या साइट विद्यार्थी व अभियंत्यांसाठी थेट प्रयोगशाळा म्हणून खुल्या ठेवण्याची कल्पना मांडली गेली. कल्पना उत्तम होती. आता चेन्नईतील 1,152 आणि राजकोटमधील 1,144 घरांत कुटुंबे राहतात. सांध्यांतून पाणी झिरपते का, उन्हाळ्यात घर किती तापते, दुरुस्तीचा खर्च किती येतो, हे पुढील दहा वर्षे जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मोजावे. तंत्रज्ञानाची परीक्षा फीत कापल्यानंतर सुरू होते.

लहान कंत्राटदारांना हे परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सुरुवात मोठ्या खर्चाच्या कामांपासून व्हावी, खुल्या स्वरूपातील माहिती-मानके वापरावीत जेणेकरून एकाच कंपनीची महागडी प्रणाली कोणावर लादली जाणार नाही, आणि ब्रिटनप्रमाणे तयारीला पुरेसा अवधी द्यावा. रातोरात काढलेल्या परिपत्रकाने कागदावरची खूण तेवढी वाढेल.

शेवटी, वास्तूची माहिती तिच्या बांधकामापुरती नसते. 30 ऑक्टोबर 2022 रोजी मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर अवघ्या काही दिवसांत कोसळला आणि 135 माणसे गेली. तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार मुख्य दोराच्या 49 तारांपैकी 22 आधीच गंजलेल्या होत्या. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नव्हती. तो दोर कोणी तपासला, केव्हा तपासला आणि तपासल्याविना पूल खुला करण्यास कोणी संमती दिली, याची एक नोंद आणि ती वाचणारा एक जबाबदार माणूस पुरेसा होता. आपण आज बांधत असलेले पूल, बोगदे आणि घरे पुढील पन्नास-शंभर वर्षे वापरली जाणार आहेत. त्यांच्या पोटात काय आहे, हे पुढच्या पिढीतील अभियंत्याला कळावे, एवढी नोंद आपण मागे ठेवतो आहोत का, हा प्रश्न विद्यापीठाने आणि उद्योगाने एकाच टेबलावर बसून सोडवायचा आहे. ते टेबल मांडण्याचे काम मालकाचे, म्हणजे सरकारचे आहे.

(लेखक बांधकाम व्यवस्थापनाचे अध्यापक आहेत.)